उजवा हात पट्टीवर, डावा भात्यावर : लाइव्ह कोडिंगमध्ये कंट्रोलरचे मेसेज कसे हाताळावेत

पेटी वाजवणाऱ्याचे दोन हात दोन वेगळी कामं करतात. उजवा हात पट्टी दाबतो आणि तिथे क्षण महत्त्वाचा असतो; पट्टी उशिरा दाबली की सम हुकते. डावा हात भाता हलवतो. तिथे क्षण नसतो, दाब असतो. आत्ता हवा किती भरलीय एवढंच सुराला कळावं लागतं.

कार्यक्रम चालू असतानाच कोड लिहून संगीत करायचं आणि त्याला मिडी कंट्रोलर (हाताची हालचाल संगणकाला आकड्यांत कळवणारं यंत्र) जोडायचा, तर हाच फरक मनात पक्का ठेवा. कीबोर्डची पट्टी आणि ड्रमचा पॅड म्हणजे उजवा हात. नॉब (फिरवायची खुंटी) आणि फेडर (वर-खाली सरकवायची कळ) म्हणजे डावा. नवख्यांचे बहुतेक घोळ दोन्हींना एकाच पद्धतीने कोडमध्ये घेतल्यामुळे होतात. मग नॉब फिरवला की ठेका अडखळतो, पट्टी दाबली की सूर अर्ध्या सेकंदाने येतो, आणि दोष लॅपटॉपला दिला जातो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात घरात भजनाची पेटी आणि कॉलेजात कोडिंग अशी दोन्ही अंगं असलेली बरीच मुलंमुली आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मुख्य उदाहरणं सोनिक पाय या कोडमधून संगीत करणाऱ्या सॉफ्टवेअरची आहेत, कारण ते फुकट आहे आणि शिकायला सोपं आहे. शेवटी सुपरकोलायडर आणि टायडल या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा भाग आहे.

एक सूचना आधीच: इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर सोनिक पायच्या आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या; सुपरकोलायडर आणि टायडलच्या काही आज्ञांत मोठी अक्षरंही येतात.

काय काय लागेल

- सोनिक पाय बसवलेला लॅपटॉप. आवृत्ती ३ किंवा पुढची हवी, त्याआधी मिडीची सोय नव्हती.
- एक यूएसबी मिडी कंट्रोलर. फक्त नॉब-फेडरचा घेतला तरी चालेल. इथे उदाहरणाला कॉर्गचा नॅनोकंट्रोल २ घेतला आहे: ८ फेडर, ८ नॉब आणि बटनं.
- डेटा वाहणारी यूएसबी केबल, आणि तशीच दुसरी जादा.
- मेसेज नुसते बघण्याचं साधन. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, लिनक्सवर टर्मिनलमधली 'एसेकडंप' ही आज्ञा.
- कागदी चिकटपट्टी आणि मार्कर.
- वही. कोणत्या नॉबचा क्रमांक काय, ते हाताने लिहून ठेवायला.

पायरी १ : मेसेजच्या पोटात काय असतं ते ओळखा

मिडी १९८३ पासून आहे आणि त्याचा गाभा तेव्हापासून तोच आहे. बहुतेक मेसेज तीन बाइटचे असतात. पहिला बाइट प्रकार आणि चॅनल सांगतो, पुढचे दोन आकडे असतात, प्रत्येकी ० ते १२७. पट्टी दाबली की 'नोट ऑन' येतो: कोणता सूर आणि किती जोर. सोडली की 'नोट ऑफ'. नॉब किंवा फेडर हलवला की 'कंट्रोल चेंज' येतो: कोणता क्रमांक आणि किती किंमत. पिच बेंडला मात्र जास्त बारकावा लागतो, म्हणून त्याची किंमत ० ते १६३८३ आणि मधली जागा ८१९२.

सुराचे आकडे पेटीच्या भाषेत लावून घेतले की विसरत नाहीत. ६० म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक, ६१ काळी एक, ६२ पांढरी दोन, ६३ काळी दोन. एक सप्तक वर जायचं तर १२ मिळवा, खाली यायचं तर १२ वजा करा. काळी चारमध्ये गाणाऱ्याबरोबर वाजवायचं असेल तर षड्ज ६८ धरा आणि बाकीचे सूर त्याच्यापासून मोजा.

पायरी २ : कोड उघडण्याआधी तार तपासा

कंट्रोलर जोडा आणि आधी मेसेज बघण्याच्या साधनात बघा. नॉब फिरवला की ओळी धावायला हव्यात. इथे काही दिसत नसेल तर सोनिक पायमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली केबल. त्यातल्या काही केबलमध्ये फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात. कंट्रोलरचा दिवा लागतो, माणूस निर्धास्त होतो, आणि मेसेज एकही येत नाही. दिवा लागला म्हणजे जोडणी झाली असं समजू नका.

दुसरी अडचण विंडोजची. तिथे बहुतेक वेळा एक मिडी पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. तपासणीचं साधन उघडं ठेवून सोनिक पाय सुरू केला तर पोर्ट आधीच अडलेला असतो. तपासून झालं की ते साधन बंद करा, मग सोनिक पाय उघडा. मॅक आणि लिनक्सवर हा त्रास नाही.

तिसरी अडचण नॅनोकंट्रोल २ सारख्या, एकाहून अधिक मोड असलेल्या कंट्रोलरची. हा कंट्रोलर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या मोडमध्ये गेला असेल तर फेडर कंट्रोल चेंजऐवजी पिच बेंड पाठवायला लागतात. तपासणीत फेडर हलवल्यावर पिच बेंड दिसला तर केबल काढा, 'सेट' आणि 'सायकल' ही दोन बटनं दाबून धरून पुन्हा जोडा. साध्या मोडमध्ये फेडरचे क्रमांक ० ते ७ आणि नॉबचे १६ ते २३ येतात. फेडरशेजारच्या एस, एम, आर बटनांच्या ओळी अनुक्रमे ३२, ४८ आणि ६४ पासून सुरू होतात. यातला ६४ लक्षात ठेवा: मिडीत ६४ हा सस्टेन पेडलचा क्रमांक आहे. हे मेसेज तसेच एखाद्या सिंथकडे (आवाज तयार करणाऱ्या वाद्याकडे) पुढे पाठवले तर पहिलं आर बटन दाबल्यावर सगळे सूर लटकून राहतील.

पायरी ३ : सोनिक पायला मेसेज पोचतोय का बघा

कंट्रोलर आधी जोडा, सोनिक पाय नंतर सुरू करा. हा क्रम पाळला की बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत. प्रेफरन्सेसमधल्या 'आयओ' टॅबमध्ये मिडी पोर्टची यादी असते, तिथे कंट्रोलरचं नाव दिसलं पाहिजे. मग नॉब फिरवा आणि क्यूच्या खिडकीत, म्हणजे आलेले मेसेज दिसतात तिथे बघा. साधारण अशी ओळ येते:

/मिडी:नॅनोकंट्रोल२_०:०:१/कंट्रोल_चेंज   [१६, ६४]

पहिल्या भागात उपकरणाचं नाव, मग त्याचा क्रमांक, मग चॅनल. तिरक्या रेघेनंतर प्रकार. कंसात नॉबचा क्रमांक आणि किंमत. एकेक नॉब फिरवून हे क्रमांक वहीत उतरवून घ्या.

नावाचा भाग विंडोज, मॅक आणि लिनक्सवर वेगवेगळा येतो. म्हणून कोडमध्ये पूर्ण नाव लिहिण्याऐवजी चांदणी वापरा: "/मिडी*/कंट्रोल_चेंज". चांदणी म्हणजे 'इथे काहीही असो'. मित्राच्या लॅपटॉपवर ऐनवेळी वाजवायची पाळी आली तर हीच चांदणी वाचवते. दोन कंट्रोलर असतील आणि दोघांचे क्रमांक एकच असतील, तेव्हाच पूर्ण नाव लिहा.

पायरी ४ : पट्ट्या, म्हणजे उजवा हात

लाइव्ह_लूप :पेटी डू
  यूज_रिअल_टाइम
  सूर, जोर = सिंक "/मिडी*/नोट_ऑन"
  सिंथ :पियानो, नोट: सूर, अँप: जोर / १२७.० इफ जोर > ०
एंड

पाचच ओळी आहेत, पण प्रत्येक ओळ मुद्दाम आहे.

'यूज_रिअल_टाइम' विसरलात तर सूर अर्ध्या सेकंदाने येईल. सोनिक पाय ठेका काटेकोर ठेवण्यासाठी प्रत्येक आवाज ०.५ सेकंद पुढे ढकलून वेळापत्रकात टाकतो. स्वतःचा कोड वाजत असताना हे कळतही नाही, पण हाताखालच्या पट्टीला तो उशीर असह्य होतो. ही आज्ञा त्या एका लूपपुरता उशीर काढून टाकते.

'सिंक' म्हणजे पुढचा मेसेज येईपर्यंत थांब. या लूपमध्ये 'स्लीप' घालू नका. लूप झोपेत असताना आलेला सूर हरवतो.

१२७.० मधलं टिंब आणि शून्य गाळू नका. सोनिक पायचा कोड रुबी भाषेत असतो, आणि रुबीत पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच येतं, म्हणजे ६४ भागिले १२७ बरोबर ०. मग फक्त पूर्ण जोरात दाबलेली पट्टी वाजते आणि बाकी शांत. कीबोर्ड खराब आहे असं वाटून माणूस तो परत पाठवायला निघतो.

शेवटची अट 'जोर शून्यापेक्षा जास्त असेल तरच'. अनेक कीबोर्ड पट्टी सोडल्यावर नोट ऑफ न पाठवता जोर ० असलेला नोट ऑन पाठवतात. मिडीच्या नियमात ते बसतं. पियानोला जोर ० म्हणजे आवाज ०, म्हणून तिथे कळत नाही. पण जोर न वापरता आवाज ठरावीक ठेवलात तर प्रत्येक पट्टी दोनदा वाजेल, दाबताना आणि सोडताना.

सुरुवातीला पियानो किंवा प्लक असे आपोआप विरणारे आवाजच घ्या. पट्टी धरेपर्यंत टिकणारा पेटीसारखा सूर हवा असेल तर नोट ऑफ सांभाळावा लागतो. ते सुपरकोलायडरमध्ये जास्त सरळ होतं, पायरी ९ मध्ये येईल.

पायरी ५ : नॉब, म्हणजे डावा हात

इथे थोडं थांबून वाचा.

नवखा माणूस काय करतो? ठेक्याच्या लूपमध्येच 'सिंक' लावून नॉबची किंमत घेतो. सिंक थांबतो, म्हणून ठेकाही थांबतो, आणि नॉब हलवला की एक ठोका पुढे जातो. भाता हलवल्याशिवाय हातच पुढे सरकू नये असं काहीसं.

मग कोणीतरी सांगतं की 'गेट' वापर, ते थांबत नाही, शेवटची किंमत देतं. हे बरोबर आहे. पण "/मिडी*/कंट्रोल_चेंज" वर गेट केलं तर शेवटचा कंट्रोल चेंज मिळतो, मग तो कोणत्याही नॉबचा असो. फिल्टरचा नॉब ठेवून आवाजाचा फेडर हलवला की फिल्टर त्या फेडरच्या किमतीवर उडी मारतो. एकच नॉब असलेल्या चाचणीत हे सापडत नाही, कार्यक्रमात सापडतं.

उपाय असा: मेसेज घेणारा एकच लूप ठेवा. त्याचं काम फक्त घेणं आणि नावाने ठेवणं. वाजवणारे लूप त्या नावाने वाचतील, आपापल्या मात्रेला.

लाइव्ह_लूप :भाता डू
  यूज_रिअल_टाइम
  क्रमांक, किंमत = सिंक "/मिडी*/कंट्रोल_चेंज"
  सेट :चाळण, किंमत / १२७.० इफ क्रमांक == १६
  सेट :गुंज, किंमत / १२७.० इफ क्रमांक == १७
एंड

लाइव्ह_लूप :ठेका डू
  क = गेट(:चाळण) || ०.५
  सिंथ :टीबी३०३, नोट: ४९, कटऑफ: ४० + क * ८०, रिलीज: ०.२
  स्लीप ०.२५
एंड

दोन उभ्या रेघा आणि ०.५ हे फार गरजेचं आहे. कार्यक्रम सुरू झाल्यावर नॉबला हात लागेपर्यंत 'चाळण' मध्ये काहीच नसतं. 'काहीच नाही' ला ८० ने गुणायला गेलात की चूक येते आणि लूप पहिल्याच ठोक्याला मरतो.

ठेक्याच्या लूपमध्ये 'यूज_रिअल_टाइम' मुद्दाम घातलेलं नाही. तिथे ठेका घट्ट राहणं महत्त्वाचं, नॉबचा परिणाम अर्ध्या सेकंदाने ऐकू आला तरी बिघडत नाही. तो उशीर खुपत असेल तर लूपच्या वर 'यूज_शेड_अहेड_टाइम ०.१' लिहून बघा (यातलं 'शेड' म्हणजे एस-सी-एच-ई-डी). जुन्या लॅपटॉपवर ठेका लडखडायला लागला तर आकडा वाढवा.

लांब सुराचं गणित वेगळं आहे. आठ मात्रांचा तंबोऱ्यासारखा स्वर एकदा सुरू केला की गेट पुन्हा वाचलं जात नाही, नॉब फिरवूनही काही बदलत नाही. तिथे सिंथ एका नावात धरून ठेवा. मग त्याच लूपमध्ये पाव-पाव मात्रेला 'कंट्रोल' या आज्ञेने त्याचा कटऑफ (फिल्टरची हद्द) नवा देत जा आणि सिंथ सुरू करताना 'कटऑफ_स्लाइड: ०.२५' द्या. स्लाइड नसेल तर ० ते १२७ च्या पायऱ्या ऐकू येतात, चेन ओढल्यासारखा खरखर आवाज होतो.

सगळ्या आवाजावर एकच फिल्टर हवा असेल तर सगळ्यात भरवशाची वाट 'सेट_मिक्सर_कंट्रोल!' ही आहे. ती 'भाता' लूपमध्येच लिहिता येते, 'एलपीएफ' आणि 'एलपीएफ_स्लाइड' देऊन. शेवटच्या मिक्सरवर काम करत असल्यामुळे कोड पुन्हा चालवला तरी जोडणी तुटत नाही. परत मूळ स्थितीला यायला 'रीसेट_मिक्सर!'.

पायरी ६ : ० ते १२७ तसाच कुठे लावू नका

प्रत्येक नॉबची खालची आणि वरची हद्द तुम्ही ठरवा. नियम साधा: खालची हद्द + किंमत × (वरची − खालची), जिथे किंमत ० ते १ मध्ये आहे. पण काही जागा अशा आहेत की तिथे टोकाची किंमत लूपच बंद पाडते.

- रेझोनन्स (फिल्टरच्या हद्दीवरची गुंज) १ पेक्षा कमीच लागतो. नॉब पूर्ण फिरवला की १.० जातो आणि चूक येते. ०.९ ने गुणा.
- स्लीपला नॉब थेट जोडला आणि नॉब शून्यावर नेला तर लूप झोपतच नाही, आणि सोनिक पाय असा लूप थांबवतो. शिवाय मधल्या किमतींना ठेका तालात बसत नाही. त्याऐवजी ०.२५, ०.५, १ अशी यादी ठेवा आणि नॉबने त्यातला एक निवडा.
- सँपलचा (रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा) रेट, म्हणजे वाजण्याचा वेग, शून्य चालत नाही.
- आवाजासाठी किमतीचा वर्ग वापरा, किंमत × किंमत. सरळ रेषेत लावला तर फेडरच्या खालच्या चौथ्या भागातच सगळा बदल झाल्यासारखा वाटतो.

खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात हवेत ओल किती असते ते सांगायला नको. स्वस्त कंट्रोलरचे नॉब दमट हवेत हात न लावताही ६३, ६४, ६३ असे आकडे पाठवत राहतात. मागच्या किमतीपेक्षा २ किंवा जास्त फरक असेल तरच सेट करा. कंट्रोलर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या पुड्यांबरोबर ठेवा.

पायरी ७ : बटन आणि सम

बहुतेक बटनं दाबताना १२७ आणि सोडताना ० पाठवतात. दोन्हींवर काम केलंत तर एक दाब दोनदा मोजला जातो. किंमत १२७ असेल तेव्हाच काम करा. चालू-बंद करायचं असेल तर स्थिती कोडमध्ये ठेवा: नवी स्थिती म्हणजे जुनीच्या उलट.

बटन दाबलं की लगेच ठेका बदलला तर केरव्याच्या पाचव्या मात्रेवर नवा बोल सुरू होतो आणि साथ करणारा तबलजी वर बघतो. बटनाने फक्त इच्छा नोंदवावी, बदल समेवर व्हावा. बटनावर 'सेट :पुढचा, ट्रू' करा. ठेक्याच्या लूपमध्ये 'टिक' या आज्ञेने फेऱ्या मोजा, टिकला ८ ने भागून बाकी ० आली की 'पुढचा' वाचा. दादऱ्याला ६, तीनतालाला १६. बदल झाला की 'पुढचा' परत फॉल्स करायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक समेला ठेका बदलत राहील.

पायरी ८ : उडी टाळा

तुम्ही कोडमध्ये चाळण ०.५ धरलीय, पण नॉब प्रत्यक्षात शून्यावर उभा आहे. साधा नॉब हलवल्याशिवाय काही पाठवत नाही, म्हणून कोडला ते माहीत नाही. पहिला स्पर्श झाला की ०.५ वरून एकदम ०.०१. स्पीकरजवळ बसलेल्यांना ते ऐकू येतं.

सोपा उपाय: सुरुवातीच्या किमती ठरवा आणि वाजवण्याआधी सगळे नॉब त्या जागी हाताने फिरवून घ्या. पक्का उपाय 'पिकअप' चा आहे. नॉबची नवी किंमत आणि कोडमधली किंमत यांत ०.०५ पेक्षा जास्त फरक असेल तर मेसेज सोडून द्या. नॉब फिरत फिरत कोडच्या किमतीपाशी आला की तिथून पुढे तो धरा. खूप जोरात फिरवलेला नॉब ०.०५ च्या पट्ट्यातून न थांबता निसटू शकतो, तेव्हा फिरवताना हात हलका ठेवा.

न थांबणारे, गोल गोल फिरणारे एन्कोडर असतील तर ते जागा नाही, दिशा पाठवतात. काही १ आणि १२७ पाठवतात, काही ६५ आणि ६३. आधी तपासणीच्या साधनात बघा, मग त्याप्रमाणे साठवलेली किंमत वाढवा किंवा कमी करा आणि ० ते १ च्या बाहेर जाऊ देऊ नका.

पायरी ९ : सुपरकोलायडर आणि टायडल

सोनिक पायचा आवाज मुळात सुपरकोलायडरच करतो, तेव्हा थेट तिथे उतरणं फार लांबचं नाही. 'मिडीक्लायंट.इनिट' आणि मग 'मिडीइन.कनेक्टऑल', या दोन आज्ञांशिवाय काहीच येत नाही.

तीन गोष्टी सोनिक पायच्या उलट आहेत. इथे फंक्शनला आधी किंमत मिळते, मग क्रमांक, मग चॅनल. क्रम चुकला तर सुराच्या जागी जोर जातो आणि जितकं जोरात दाबाल तितका वरचा सूर लागतो. चॅनल ० पासून मोजतात, म्हणजे कंट्रोलरवरचा चॅनल १ इथे ०. आणि भागाकार इथे अपूर्णांकात होतो, त्यामुळे १२७ वर टिंब नसलं तरी चालतं.

'मिडीफंक' आणि 'मिडीडेफ' यांतला फरक लाइव्ह कोडिंग करणाऱ्यांना विशेष कळायला हवा. मिडीफंक असलेली ओळ पुन्हा चालवली की जुनं तसंच राहतं आणि दुसरं तयार होतं. चार वेळा चालवली की एका पट्टीला चार सूर एकावर एक वाजतात. मिडीडेफला नाव असतं, त्याच नावाने पुन्हा चालवलं की जुनं जातं. नेहमी मिडीडेफच घ्या. सगळा आवाज थांबवणाऱ्या कंट्रोल-टिंब ने ही जोडणीही पुसली जाते. टिकवायची असेल तर 'पर्मनंट' खरं करून ठेवा.

टिकणाऱ्या सुरासाठी १२८ रिकाम्या खणांची यादी करा. नोट ऑन आला की सिंथ सुरू करून सुराच्या क्रमांकाच्या खणात ठेवा, नोट ऑफ आला की त्या खणातल्या सिंथला 'रिलीज' सांगा आणि खण रिकामा करा. खणात आधीच सिंथ असेल तर नवा ठेवण्यापूर्वी जुना सोडा. हे राहिलं की जुन्या सिंथचा पत्ता हरवतो आणि तो सूर पट्टी सोडली तरी बंद होत नाही.

टायडल मिडी स्वतः घेत नाही. सुपरकोलायडरने कंट्रोल चेंज घ्यायचा, किंमत १२७ ने भागायची आणि '/सीटीआरएल' या पत्त्याचा ओएससी (प्रोग्रॅमांनी एकमेकांना मेसेज पाठवण्याची पद्धत) मेसेज आपल्याच संगणकाच्या पोर्ट ६०१० वर पाठवायचा. टायडलमध्ये 'सीएफ' ने तो वाचायचा: आधी सुरुवातीची किंमत, मग अवतरणात नॉबचा क्रमांक. सुरुवातीची किंमत देणं इथे सक्तीचंच आहे, त्यामुळे पायरी ५ मधला रिकाम्या किमतीचा घोळ होत नाही.

दोन्हीकडे एक धोका सारखाच: मेसेजचा फेरा. सोनिक पायची 'मिडी' आज्ञा पोर्ट न सांगितल्यास सगळ्या पोर्टांवर पाठवते. संगणकात आभासी मिडी पोर्ट असेल आणि तुम्ही चांदणीने सगळीकडून ऐकत असाल, तर पाठवलेला सूर परत येतो, तो पुन्हा पाठवला जातो, आणि क्षणात आवाजाचा गोळा होतो. बाहेर पाठवताना पोर्टचं नाव नेहमी लिहा.

पायरी १० : मंडपात आणि हॉलमध्ये

टाइप करताना मराठी किंवा कन्नड कीबोर्ड चालू राहणं ही आपल्या भागातली खास अडचण आहे. मेसेजला मराठीत उत्तर दिलं आणि परत कोडकडे आलात की पहिलंच अक्षर देवनागरी उमटतं, सोनिक पाय ओळ नाकारतो. कार्यक्रमाआधी बाकीचे लेआउट काढून फक्त इंग्रजी ठेवा. तसंच व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला कोड थेट चिकटवू नका, वाटेत अवतरणचिन्हं वाकडी होऊ शकतात आणि मग पोर्टचं नाव जुळत नाही.

कंट्रोलरवर चिकटपट्टी लावून नावांऐवजी आकडे लिहा. मंडपात मदतीला आलेला साउंडवाला मराठी वाचेलच असं नाही, कन्नड तुम्हाला पटकन लिहिता येईलच असंही नाही. 'तीन नंबर खाली' दोघांनाही कळतं.

लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर टिकतो आणि लॅपटॉपमधूनच वीज घेणारा कंट्रोलरही टिकतो. पण स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये असेल तर तो बंद पडून परत सुरू होतो, आणि कंट्रोलर वेगळ्या क्रमांकाने परत येऊ शकतो. कंट्रोलर शक्यतो थेट लॅपटॉपला जोडा. पूर्ण नावाऐवजी चांदणी लिहिण्याचं हेही एक कारण.

शिवजयंतीच्या चित्ररथावर वाजवायचं असेल तर गाडीच्या हादऱ्याने केबल सैल होते. केबलला एक वळसा देऊन ती टेबलाच्या पायाला बांधा, ओढ पिनवर येऊ देऊ नका. 'आवाज येईना झालाय' अशी हाक आली तर याच क्रमाने बघा: केबल, क्यूची खिडकी, 'भाता' लूप जिवंत आहे का, आणि मग मिक्सर. क्यूमध्ये ओळी धावत असतील तर तार आणि कंट्रोलर ठीक आहेत, दोष कोडमध्ये किंवा स्पीकरच्या बाजूला आहे. ओळी थांबल्या असतील तर केबल काढून पुन्हा जोडा आणि 'आयओ' टॅबमध्ये नाव परत आलंय का बघा. नाव आलं नाही तर मात्र सोनिक पाय बंद करून सुरू करावा लागतो, आणि तेवढा वेळ भरून काढायला पेटीवाल्याला आधीच सांगून ठेवा.